घरगाडीचा डावा पाटा

सलूनच्या खुर्चीत अर्ध्या गालावर फेस असताना माणसानं पैज लावू नये. पण पाटेवाल्याच्या तोंडाला कुलूप घालणारा अजून जन्माला यायचा होता, तिथं बिचारा वस्तरा काय अडवणार?

झालं असं. पाटेवाल्याच्या धाकट्या बहिणीनं आणि तिच्या नवऱ्यानं एक जुनी घरगाडी विकत घेतली होती. घरगाडी म्हणजे चाकांवरची खोली. मोटारीच्या मागे जोडायची आणि ओढत न्यायची. आत गादी, ओटा, कपाटं, खिडक्यांना पडदे, सगळा संसार. मेव्हणे आयुष्यभर एका गोदामात खुर्चीला चिकटून बसलेले, धाकटीनं आयुष्यभर त्यांचे डबे भरलेले. आता दोघांना निघायचं होतं. कुठं, ते ठरवायचं नाही, एवढंच ठरलं होतं.

तर ही घरगाडी पाटेवाल्याच्या वर्कशॉपसमोर, जिथं तो गाड्यांचा भार झेलणारे स्प्रिंगचे पाटे बदलायचा, उभी होती, आणि डावीकडे कलली होती. कुणीतरी कानात काहीतरी सांगतंय आणि ही ऐकायला वाकलीय, अशी.

सलूनच्या बाकावर बेकरीवाला बसला होता. एकटाच, म्हणजे बाक भरला. त्याला अख्खी गल्ली ‘पोतं’ म्हणायची, आणि तोही ओ द्यायचा. काचेतून घरगाडीकडे बघत तो म्हणाला की ही काही सरळ होत नाही, आणि झालीच तरी आठवड्याच्या आत परत मान टाकेल.

पाटेवाला खुर्चीत ताडकन सरळ झाला. सलूनवाल्यानं वस्तरा वेळेवर उचलला म्हणून, नाहीतर कानाला मुकला असता.

“माझे पाटे मान टाकतील? आठवड्यात गाडी बोटभर जरी कलली ना पोत्या, तर तुला खांद्यावर बसवून बेकरीपासून चौकापर्यंत नेतो. भर सकाळी, सगळ्यांच्या देखत.”

“आणि नाही कलली तर?”

“तर तू मला न्यायचंस.”

सलूनवाला साक्षीदार झाला. म्हणाला, कोणीही हरा, दवाखान्याला फोन मीच करीन.

आता या पाटेवाल्याची ख्याती सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पन्नाशी उलटली तरी माणूस उपद्व्यापी तो उपद्व्यापीच. एकदा दुपारच्या सामसुमीत त्यानं गल्लीतल्या सगळ्या दुकानांची कुलपं एकमेकांत बदलून टाकली होती. संध्याकाळी अख्खी गल्ली आपापल्या शटरसमोर किल्ल्या घेऊन घामाघूम, आणि हा समोरच्या ओट्यावर चहा पीत. धाकटी लग्न होऊन निघाली तेव्हा तिच्या बॅगेत यानं गजराचं घड्याळ घातलं होतं. ते सासरी भलत्या वेळी वाजलं. त्या गजरावरून मेव्हणे अजून टोमणे मारतात.

पण हातात पाना आला की माणूस बदलायचा. गंमत पान्याच्या अलीकडे, काम पलीकडे.

त्यानं चाकांखाली लाकडी ठोकळे सारले, जॅक लावला, गाडी उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली आणि दोन्ही चाकं काढली. उजवीकडची तब्येत वयाला शोभेशी होती. थोडा गंज, थोडं वाळलेलं ग्रीस, रबरी बुशांना चिरा. मग तो डावीकडे सरपटला.

डावीकडच्या पाट्यांचा बाकच गेला होता. कमानीसारखा असायचा तो पाट्यांचा जुडगा पट्टीसारखा सपाट, टोकांना तर उलटा वाकलेला. बुश चावून थुंकल्यासारखे. पाटा ज्या बोल्टावर झुलतो तो बोल्ट मधोमध झिजून त्याला चक्क कंबर आलेली, आणि त्याचं गोल भोक लांबोडकं झालेलं. अशी दशा पाटेवाल्यानं पाहिली होती, नाही असं नाही. वर्षानुवर्षं क्षमतेच्या दुप्पट वाळू वाहणाऱ्या ट्रकची.

त्यानं मेव्हण्यांना विचारलं की ही गाडी आधी काय वाहायची.

“काहीच नाही. विकणाऱ्याच्या अंगणात उभी होती कित्येक वर्षं. आत कोणी जातसुद्धा नव्हतं म्हणाला.”

“अहो मेव्हणे, उभ्या गाडीचं टायर सुकतं. बोल्ट झिजत नाही.”

मेव्हणे म्हणाले, माणूस मोठा सभ्य होता हो. आम्ही आत फिरून बघेपर्यंत तो बाहेरच उभा राहिला, सगळं दारातूनच हात करून दाखवलं. पाटेवाल्याच्या डोक्यात तिथंच पहिली शंका आली. सभ्य माणूस विकायच्या गाडीत दोन पावलं टाकायला का लाजतो? काहीतरी चोरटं वाहिलंय यानं, त्यानं मनाशी ठरवलं, आणि विषय तिथंच सोडला.

दोन्ही बाजूंना कोरे पाटे घातले. नवे बुश, नवे बोल्ट, झुलत्या पट्ट्या नव्या. चाकं चढवून गाडी जमिनीवर टेकवली, आणि तिचा भार तिच्यावर आल्यावरच शेवटचे नट आवळले, कारण अधांतरी आवळले की बुश पिळतात. मग टायर आणि मडगार्डच्या फटीत हात घातला. उजवीकडे चार बोटं, डावीकडे चार बोटं. बेअरिंगमधली एक गोळी त्यानं दाराच्या उंबऱ्यावर ठेवली. गोळी जागची हलली नाही.

आता उरली होती त्याची खास रीत. ही त्याच्या बापापासूनची. नवे पाटे घातले की ते ‘बसवायचे’. वाळूच्या गोण्या टाकून नाही, माणसं घालून. माणूस हलतो, कुशी बदलतो, उड्या मारतो. पाट्याला खरा भार माणसाचाच कळतो, असं बाप म्हणायचा. त्यामुळं पाटेवाल्याकडं कुठलीही गाडी झाली की गल्लीला बोलावणं जायचं, आणि गल्ली उड्या मारायला यायची.

आली. पोतं आलं, सलूनवाला गिऱ्हाईक अर्धवट सोडून आला, औषधांच्या दुकानातल्या बाई आल्या, वरच्या मजल्यावरचे आजोबा काठीसकट आले, शाळेतून सुटलेली पोरं आली, पाटेवाल्याची बायको कणकेच्या हातांनी आली. जागा होईल तसे घोळक्याघोळक्यानं चढले, डाव्या अंगाच्या लांब बाकावर दाटीवाटीनं बसले, हसले, नाचले, उतरले. धाकटी आणि मेव्हणे यजमान म्हणून आतच.

पाटेवाला तेवढा आत गेला नाही. एक तर त्याला खाली पडून पाटे बघायचे होते. दुसरं म्हणजे धाकटीनं आत नवीन सतरंजी अंथरली होती आणि दारातच बजावलं होतं की दादा, ते ग्रीसचे पाय घेऊन आत आलास तर याद राख.

खालून त्यानं बॅटरीच्या उजेडात बघितलं. पाटे दबत होते. प्रत्येक घोळक्याला थोडे आणखी. छान बसतायत, तो म्हणाला.

सकाळी चहाचा कप घेऊन तो बाहेर आला, सवयीनं डाव्या मडगार्डखाली हात घातला, आणि बोट आत गेलं. एकच.

त्याचा पहिला विचार पोत्यावर गेला. दुसराही. पैज जिंकायला या बेकरीवाल्यानं मैद्याची पोती कुठंतरी दडवली असणार. त्यानं स्वतः हेच केलं असतं, म्हणून त्याला खात्री. त्यानं खालून फळीन् फळी ठोकून पाहिली. मग मेव्हण्यांना सगळं सामान बाहेर काढायला लावलं. गादी, शेगडी, भांडी, खुर्च्या, सतरंजीसुद्धा. गल्लीत संसार पसरला. यानं दाराबाहेर स्टुलावर उभं राहून आत डोकं घातलं, बाकाची झाकणं काठीनं उघडून पाहिली. सगळं रिकामं. गाडी तशीच कललेली.

पोतं दारात येऊन हात चोळत म्हणालं की चौकात कधी जायचं ते सांग, मी त्या दिवशी नाश्ता जास्त करतो. पाटेवाल्यानं हार मानायला साफ नकार दिला. लबाडी आहे म्हणाला, आणि शोधून काढतो म्हणाला. गल्लीला भलताच आनंद झाला. आजवर ज्यानं सगळ्यांना नाचवलं, त्याला कोणीतरी नाचवतंय.

तो मात्र सगळ्यांकडं तिरक्या नजरेनं बघायला लागला. सलूनवाल्याकडं, मेव्हण्यांकडं, बायकोकडंसुद्धा. आणि बघायला लागल्यावर बारीकसारीक दिसायला लागलं. पोत्याचे गुडघे दुखायचे थांबले होते. जिना चढताना तो धापा टाकत नव्हता. वरच्या मजल्यावरचे आजोबा काठी विसरून फिरत होते. बायको झोपायला आली तर पलंग कुरकुरत नव्हता, आणि वीस वर्षं त्या पलंगानं एक रात्र कुरकुर चुकवली नव्हती. धाकटी तर मागे येऊन उभी राहायची आणि बोलेपर्यंत त्याला पत्ता नसायचा.

“मांजरासारखी काय येतेस?” तो एकदा दचकून ओरडला.

“मी तर नेहमीसारखीच आले,” ती म्हणाली.

मग वायरमन आला. घरगाडीतले दिवे जोडायला, दुसऱ्या भागातला माणूस, याआधी गल्लीत पाऊल न टाकलेला. पाटेवाला तेव्हा गाडीखालीच पडला होता, डावे पाटे परत खोलायचे म्हणून. त्यानं पाट्याच्या टोकाशी खडूची रेघ मारून ठेवली होती.

वायरमन चढला. पाटा रेघेच्या खाली गेला. बरोबर आहे, जायलाच पाहिजे.

दिवे लागले. वायरमन उतरला, जाताना पायरीवरून पोरासारखी उडी मारली आणि शीळ घालत गेला.

पाटा वर आला नाही.

पाटेवाला पडून राहिला. नाकावर ग्रीसचा थेंब पडला तरी हलला नाही. मग त्यानं धाकटीला हाक मारली आणि आत जायला सांगितलं. डोक्यावरच्या फळीवर पावलं ऐकू येतील म्हणून तो कान देऊन होता.

“जा की आत.”

“आतच आहे मी, दादा.”

रेघ जागची हलली नव्हती. पाटा अडकला असेल, तो मनाशी म्हणाला. बाहेर येऊन त्यानं स्वतः गाडीच्या कोपऱ्यावर दोन्ही हात टेकून भार टाकला. पाटा दबला. हात काढले. झुलून वर आला, जिथं होता तिथं. तब्येतीनं उत्तम, कोरा, कामाला लागलेला पाटा. त्यात खोट नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो घरगाडी जोडून लाकडाच्या वखारीत घेऊन गेला. तिथं ट्रक मोजायचा मोठा काटा आहे. मेव्हणे शेजारी बसले. गाडी काट्यावर सोडून दोघं बाजूला उभे राहिले. काटेवाला त्याच्या खोपटाच्या खिडकीतून बाहेर बघून म्हणाला, “आतल्या लोकांना उतरवा, मग वजन घेतो.”

“आत कोणी नाही.”

काटेवाला बाहेर आला, खिडकीच्या काचेला नाक लावून बघितलं, परत आत गेला. काट्यावर टिचकी मारल्याचा आवाज आला.

“एक गल्ली भरून माणसं आहेत म्हणतोय काटा,” तो म्हणाला. आणि मग जरा वेळानं, “घेऊन जा ही इथून.”

मेव्हणे परतीच्या रस्त्यात हसत होते. काटेवाल्याला काय पाजलंत, असं विचारत होते. पाटेवाला मोटारीच्या आरशात मागच्या घरगाडीकडं बघत होता.

त्या संध्याकाळी त्यानं धाकटीला वर्कशॉपमध्ये बसवून सांगितलं. कारण सांगायला त्याच्याकडं काही नव्हतं. एवढंच म्हणाला की ही गाडी तू घेऊन जाऊ नकोस, आत झोपू नकोस, पाय ठेवू नकोस. मी तुला दुसरी बघून देतो, स्वतः ओढून आणतो. धाकटी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. सहा वर्षांची असताना यानं तिला सांगितलं होतं की तिला रद्दीवाल्याकडून आणलंय, तेव्हा तो असाच गंभीर दिसला होता.

“शपथ घेऊ?” त्यानं विचारलं.

“तुझ्या शपथा मला माहीत आहेत.”

“मग काय केलं की विश्वास ठेवशील?”

ती विचारात पडली. मग हसली. म्हणाली, तू आजवर चारचौघांत कधी हरला नाहीस. हरलास तरी उलटवलंस. उद्या सकाळी पोत्याला खांद्यावर घे, सगळ्यांसमोर हरलो म्हण, आणि चौकापर्यंत ने. मध्ये काही चेष्टा नाही. तसं केलंस तर मी समजेन की या वेळी खरं आहे. जाणार नाही.

“वचन?”

“वचन. पण कंबर मोडली तर मला बोलायचं नाही.”

सकाळी अख्खी गल्ली बाहेर. बेकरीच्या पायऱ्यांवर पोरं, वरच्या खिडक्यांत बायका, सलूनवाला गळ्यात टॉवेल घालून पंचासारखा. पोत्यानं खरंच नाश्ता जास्त केला होता, मिशीवर साय दिसत होती. घरगाडी वर्कशॉपसमोर मोटारीला जोडून तयार, तिच्या दारात धाकटी उभी. गंमत म्हणजे पाणीवाल्या खात्यानं नेमका त्याच पहाटे गल्लीला आडवा चर खणून ठेवला होता, आणि जायला-यायला वर एक लांब फळी टाकली होती.

पाटेवाला गल्लीच्या मधोमध उभा राहिला. “हरलो,” तो म्हणाला. मोठ्यानं, स्वच्छ. एकही डोळा मिचकावला नाही.

कोणी टाळी वाजवली नाही. सगळे पुढची चेष्टा यायची वाट बघत होते.

तो बेकरीच्या खालच्या पायरीशी उकिडवा बसला. हात गुडघ्यांवर रोवले, मान खाली घातली, कंबर आवळली. पाठीमागे पोतं वरच्या पायरीवर चढलं. एक पाय खांद्यावरून पुढं आला, मग दुसरा. मैद्याचा वास आला. पाटेवाल्यानं दात आवळले आणि थांबला.

थांबला.

“बस ना रे,” तो म्हणाला.

“केव्हाचा बसलोय,” वरून पोतं म्हणालं.

गल्ली हसली.

पाटेवाला उठला. उठायला जोर लागला तो त्याच्या स्वतःच्या गुडघ्यांना, रोज सकाळी लागतो तेवढाच. गालांना दोन्हीकडून पोत्याच्या मांड्या लागत होत्या, उबदार. केसांत त्याची बोटं होती. खांद्यांवर काही नव्हतं. वाळत घातलेला सदरा असतो, तेवढंही नाही.

आता टाळ्या पडल्या. म्हाताऱ्यानं उचललं की रे, कोणीतरी म्हणालं. पोतं वरून हात हलवत होतं.

तो चालायला लागला. पायांखाली स्वतःच्याच चपलांचा आवाज येत होता. फळी आली. त्यानं पाय ठेवला तशी ती करकरली, मध्यावर आला तेव्हा खोल वाकली, आणि कडेची मोकळी माती भसकन चरात पडली. पलीकडे उतरून तो चौकापर्यंत गेला. तिथं पोत्याला खाली ठेवला.

मग मागे वळला.

धाकटी घरगाडीच्या दारातून उतरत होती. तिनं दार लावलं, किल्ली मेव्हण्यांकडं फेकली. बोलल्याप्रमाणं ती निघणार नव्हती. हे त्याला तिच्या चेहऱ्यावरच दिसलं, इतक्या लांबून. लहानपणी खेळात हरली की असाच चेहरा करायची, रुसलेला आणि खूश, दोन्ही.

“दादा, नाही जात मी,” ती गल्लीच्या पलीकडून म्हणाली, “झालं समाधान?”

त्यानं मान हलवली. तो तिच्या पायांकडं बघत होता.

ती चराशी आली आणि फळीवर चढली. माणसं बघतायत म्हणून तिला जरा मस्ती सुचली असावी. ती मधोमध थांबली, पदर खोचला, आणि त्याच्याकडं बघून हसत तिनं जागच्या जागी एक उडी मारली. मग आणखी एक.

फळीवर पहाटेची सैल माती पडली होती. तिच्यात पाटेवाल्याच्या चपलांचे ठसे होते.

धाकटी उड्या मारत राहिली. मातीचा एक कण हलला नाही.